मयतीनंतर रूह (आत्मा) कुठे असते, आणि मागच्यांनी केलेलं काय काय पोहोचतं? (चाळीसव्याआधी, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाआधी, हिशेब हवा आहे)

बाणकोट_खाडी (प्रश्न)

एका कुटुंबासाठी विचारतो आहे. घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, शाफई. सून नांदेडची, हनफी (शाफई आणि हनफी हे सुन्नी फिकहचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, दोन मझहब). घरातले कर्ते पुरुष वारले. मागे पत्नी, एक सज्ञान मुलगा, दोन मुली. धाकटी १३ वर्षांची. मयताचे आईवडील आधीच गेलेले.

तरका (मागे ठेवलेली मालमत्ता) साधारण १२ लाख. पतसंस्थेचं कर्ज १,५९,००० बाकी. पत्नीचा महर (निकाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम) ५१,००० ठरला होता, तो दिलेला नाही. हजची ऐपत बरीच वर्षं होती, केला नाही. गेल्या रमझानच्या आधीच्या रमझानचे ३० रोजे शस्त्रक्रियेमुळे सुटले. नंतर ठणठणीत होते, पण कझा (सुटलेल्यांची नंतर भरपाई) केली नाही. गेल्या रमझानचे ३० शेवटच्या आजारात सुटले, त्यातून ते उठलेच नाहीत. दोन माणसांसमोर सांगून गेलेत की मशिदीजवळ पाण्यासाठी बोअर मारा, दोन लाखांपर्यंत खर्च करा.

प्रश्न तीन:

१. रूह चाळीस दिवस घरात असते, दर गुरुवारी उंबऱ्याशी येते असं घरातल्या बायका सांगतात. दिवा आणि पाण्याचा पेला ठेवला जातो. याला आधार काय?

२. कुरआनखानीचा (मयतासाठी कुरआन वाचण्याचा) सवाब, म्हणजे पुण्य, पोहोचतो का? हाफिज (कुरआन पाठ असलेले) बोलावून, पैसे देऊन केली तर?

३. मयताचे धाकटे भाऊ म्हणतात चाळीसव्याला ४०० पानं उठली पाहिजेत. मुलगा म्हणतो आधी बोअर. सून म्हणते आधी नमाज-रोज्यांचा फिदिया (सुटलेल्यांच्या बदल्यात गरिबांना द्यायचं धान्य). क्रम काय लावायचा?

सनद_बघून

रूहचं आधी सांगतो, कारण बाकीचे दोन प्रश्न त्याच्यावरच उभे आहेत.

रूह म्हणजे नेमकं काय, हे कुरआन सांगत नाही. १७:८५ (सूरा १७, आयत ८५; पुढचे आकडेही असेच) मध्ये एवढंच आहे की ती रबच्या हुकमातली बाब आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलं आहे. ३९:४२ सांगते की झोपेतही जीव उचलला जातो. ज्याची वेळ भरली त्याचा रोखून धरला जातो, बाकीच्यांचा ठरल्या मुदतीपर्यंत परत पाठवला जातो. जीव काढणारा तो मलकुल मौत (३२:११). इझराईल हे नाव आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असलं तरी ते कुरआनात नाही, सहीह हदीसमध्येही (पैगंबरांच्या पक्क्या ठरलेल्या वचनांत) नाही.

पुढचा सविस्तर प्रवास बरा इब्न आझिब यांच्या हदीसमध्ये आहे (मुस्नद अहमद, अबू दाऊद; हे आणि पुढे येणारे तिर्मिझी, बुखारी, मुस्लिम हे हदीसचे संग्रह). नेक माणसाची रूह मशकीच्या तोंडातून थेंब ओघळावा तशी निघते. नाफरमानाची मात्र ओल्या लोकरीतून सळई उपसावी तशी. फरिश्ते ती वर नेतात, नोंद इल्लीयीनमध्ये (नेकांची) किंवा सिज्जीनमध्ये (नाफरमानांची) होते (सूरा ८३), आणि रूह कबरीतल्या देहाकडे परत आणली जाते. मग दोन फरिश्ते उठवून बसवतात आणि विचारतात: तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तुमच्यात पाठवला गेलेला हा माणूस कोण? मुन्कर आणि नकीर ही त्यांची नावं तिर्मिझीच्या रिवायतीत (कथनात) येतात. बुखारीत नावं नाहीत, पण मातीला आलेले लोक परत फिरतात तेव्हा मयताला त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येतो, हा तपशील आहे.

तिथून कयामतपर्यंतचा काळ म्हणजे बरझख. २३:९९-१०० मध्ये मेलेला माणूस गयावया करतो की मला परत पाठव, राहिलेलं नेक काम करून येतो. उत्तर येतं: हरगिज नाही, त्यांच्या मागे आता बरझख आहे, उठवलं जाईल त्या दिवसापर्यंत. म्हणून इस्लाममध्ये पुनर्जन्म नाही आणि घरभर फिरणारा आत्माही नाही.

गुरुवारी किंवा शब-ए-बरातला रूह घरी येते अशा काही रिवायती फिरतात. बरेलवी उलेमांपैकी (धर्मपंडितांपैकी) काही जण त्या मान्य करतात, देवबंदी आणि अहल-ए-हदीस करत नाहीत (हे तिन्ही आपल्याकडचे सुन्नी प्रवाह). हदीसच्या कसोटीवर त्यांची सनद (कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी) कमकुवत ठरते. चाळीस दिवस रूह घरात मुक्कामाला असते याला तर सहीह हदीसमध्ये काहीच नाही. पेला ठेवल्याने कुणाचं नुकसान नाही असं म्हणता येईल, पण त्याचा तोटा दुसरीकडे होतो. घरातल्यांना वाटतं की एकेचाळिसाव्या दिवशी दार बंद झालं, म्हणून सगळी धावपळ चाळिसाच्या आत उरकतात आणि त्या घाईत पैशाचे निर्णय चुकतात. दुआ, सदका, कर्जफेड यांना चाळिसाची मुदत नाही. (कर्जाला उलट एक दिवसही थांबायचं नाही. त्यावर कुणीतरी लिहीलच.)

आता नेकीची वही. खांद्यावरचे दोन लिहिणारे ५०:१७-१८ आणि ८२:१०-१२ मध्ये आहेत. भाव असा: एका नेकीला किमान दहापट (६:१६०), खर्च अल्लाहच्या वाटेवर असेल तर सातशेपटीपर्यंत (२:२६१, एका दाण्याला सात कणसं, प्रत्येकात शंभर दाणे). वाईटाला एकास एक. बुखारी-मुस्लिममध्ये नियतीचाही हिशेब आहे: नेकीचा इरादा केला पण जमलं नाही तर पूर्ण एक नेकी, वाईटाचा इरादा करून अल्लाहसाठी सोडून दिला तरी एक नेकी. मीझानवर (कर्मांच्या तराजूवर) राईच्या दाण्याएवढंही सुटत नाही (२१:४७).

हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. मुस्लिमच्या हदीसमध्ये ‘मुफलिस (कंगाल) कोण’ हे सांगितलं आहे: जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण याला शिवी दिलेली, त्याच्यावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्या तर त्यांचे गुन्हे याच्या माथी मारले जातील. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करू शकतो, पण माणसाचा हक्क तो माणूसच सोडू शकतो. कबरीतल्या अझाबाची (यातनेची) बुखारीत दोन कारणं आली आहेत ती पाहा: एक जण लघवीच्या शिंतोड्यांची काळजी घेत नसे, दुसरा चुगल्या करत फिरे. आपल्याकडे ही दोन्ही क्षुल्लक समजतात.

जिज्ञासू_सदाशिव

चांगला प्रतिसाद. एक अडलं. कुरआनाच्या ५३:३९ मध्ये माणसाला त्याने स्वतः केलं तेवढंच मिळतं असं आहे ना? मग मुलाने मारलेल्या बोअरचं पुण्य वडिलांना कसं? हे श्राद्धासारखंच झालं की.

सनद_बघून

प्रश्न रास्त आहे, आणि याच आयतीवर इमाम शाफई यांनी म्हटलं की कुरआन वाचल्याचा सवाब मयताला पोहोचत नाही. पण बाकीच्या गोष्टींना थेट हदीस आहेत. एकाने पैगंबरांना विचारलं, आई अचानक गेली, बोलू शकली असती तर सदका दिला असता, मी देऊ? उत्तर: हो (बुखारी, मुस्लिम). सअद इब्न उबादा यांनी आईच्या नावे मिखराफ नावाची बाग सदका केली. जुहैना कबिल्यातल्या बाईने आईच्या नवसाच्या हजबद्दल विचारलं तेव्हा उलट प्रश्न आला: आईवर कर्ज असतं तर फेडलं असतंस ना? मयतासाठी दुआ तर कुरआनातच आहे (५९:१०).

विरोधाचा उलगडा उलेमा असा करतात: आयत मालकीबद्दल बोलते. दुसऱ्याच्या कमाईवर तुमचा हक्क नाही, पण त्याने आपणहून दिलेली भेट मिळायला हरकत नाही. हंबली फकीह (धर्मशास्त्री) इब्न तैमिया यांनी हे बरंच विस्ताराने मांडलं आहे.

श्राद्धाशी तुलना एका जागी तुटते. इथे मयताला अन्न-पाणी पोहोचत नाही, त्याची गती वारसाच्या विधीवर अडलेली नसते, आणि मुलगाच हवा असंही नाही. मुलगी, शेजारी, अनोळखी माणूस, कुणाचीही दुआ चालते.

फराईझ_वही

पैशाकडे येतो. मयताचा मझहब शाफई, म्हणून हिशेब शाफई फिकहचा. सुनेचा मझहब इथे लागू नाही.

कुरआनात वारशाचे हिस्से सांगताना “वसियत आणि कर्ज यांच्यानंतर” हे शब्द पुन्हा पुन्हा येतात (४:११-१२). त्यावरून क्रम असा: कफन-दफन, मग कर्ज, मग उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत, मग वारस. चाळीसव्याचं जेवण या क्रमात कुठेच बसत नाही, हे आधी लक्षात घ्या.

कर्ज. तिर्मिझीत आहे की मोमिनची (श्रद्धावानाची) रूह कर्ज फिटेपर्यंत कर्जाला टांगलेली राहते. कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा पैगंबरांनी स्वतः नमाज पढवली नाही, तुम्हीच पढा म्हणाले. अबू कतादा यांनी कर्ज अंगावर घेतलं तेव्हा पढवली. रक्कम किती, तर दोन-तीन दीनार. म्हणून जनाज्याआधी “कुणाचं देणं असेल तर घरच्यांना भेटा” असा पुकारा करतात. पण पुकारा म्हणजे फेड नव्हे. पुकारा झाला, माती झाली, आणि कर्ज तरक्याच्या भांडणात वर्षानुवर्षं लटकलं, हा नेहमीचा प्रकार आहे.

या घरात कर्जं चार आहेत, एक नव्हे:

पतसंस्था, १,५९,०००. कर्जाला जामीनदार असेल तर त्याला आधी कळवा. कर्जासोबत विमा उतरवला होता का, हेही पाहा.

महर, ५१,०००. हे पत्नीचं येणं आहे आणि तिच्या आठव्या हिश्श्याच्या वेगळं. जनाज्याजवळ बाईला उभं करून “महर माफ केला म्हण” असं वदवून घेतात. त्या अवस्थेत, चार लोकांच्या दबावाखाली दिलेल्या माफीला अर्थ नाही. तसं झालं असेल तर आता शांतपणे पुन्हा विचारा, किंवा सरळ देऊन टाका. घेतल्यावर तिला परत द्यावंसं वाटलं तर ती तिची मर्जी.

हज. शाफई मतात फर्ज (बंधनकारक) झालेला आणि राहिलेला हज हे कर्ज आहे. वसियत नसली तरी तरक्यातून हज-ए-बदल (मयताच्या वतीने दुसऱ्याने केलेला हज) करवायचा. पाठवायचा माणूस स्वतःचा फर्ज हज केलेला असावा. शाफईंच्या मते मीकातपासून (मक्केबाहेरची, जिथून हजची सुरुवात होते ती हद्द) करवला तरी पुरतं, म्हणजे तिकडे राहणारा भरवशाचा माणूस चालतो आणि खर्च बराच उतरतो. पैसे घेऊन एकाच हजवर पाच-पाच मयतांची नावं चढवणारे दलाल असतात. एका हजमध्ये एकाचंच बदल होतं. खाली मी ७०,००० धरले आहेत, ते फक्त उदाहरणापुरते.

रोजे. गेल्या रमझानच्या ३० रोज्यांचं काहीच देणं नाही. ज्या आजारातून बरं होण्याची आशा होती त्यातच माणूस गेला, कझाची संधीच मिळाली नाही, तर फिदिया लागत नाही. आधीच्या ३० ची संधी मिळाली होती आणि मध्ये दुसरा रमझान उलटला, म्हणून रोजाचा एक मुद आणि उशिराचा एक, असे ३० × २ = ६० मुद. मुद म्हणजे गावात जे मुख्य धान्य त्याचं माप, कोकणात तांदूळ. ६०० ते ७५० ग्रॅमच्या दरम्यान धरतात. सावधपणे ७५० घ्या. म्हणजे ४५ किलो तांदूळ, गरिबांना. मुलाला वडिलांच्या वतीने ते ३० रोजे ठेवायचे असतील तर तेही चालतं: “ज्याच्यावर रोजे बाकी असताना तो मेला, त्याचा वली (जवळचा नातलग) त्याच्या वतीने ठेवेल” ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे आणि शाफई फकीह इमाम नववी यांनी हाच कौल उचलला. मात्र उशिराचे ३० मुद तरीही द्यावे लागतात.

आता आकडे. दफनखर्च आणि तांदूळ मिळून २०,००० धरा. पतसंस्था व महर २,१०,०००. हज ७०,०००. एकूण ३,००,०००. उरले ९,००,०००.

वसियत यातल्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे ३,००,०००. सअद इब्न अबी वक्कास यांना पैगंबरांनी सांगितलं होतं की एक तृतीयांश, आणि तेही खूप झालं. बोअरसाठी सांगितलेले २ लाख मर्यादेत बसतात. मुस्लिम कायद्यात तोंडी वसियतही चालते, पण ते दोन साक्षीदार आज हयात आहेत तोवर कागदावर सह्या घेऊन ठेवा.

राहिले ७,००,०००. पत्नीला १/८ म्हणजे ८७,५००. बाकी ६,१२,५०० चे चार भाग: मुलाला दोन, मुलींना एकेक. मुलगा ३,०६,२५०, प्रत्येक मुलगी १,५३,१२५. भावाला मुलगा असताना काही नाही.

आणि आता ४०० पानं. वाटणी न झालेल्या तरक्यातून जेवण घातलं तर त्यात तेरा वर्षांच्या मुलीचा हिस्सा आहे. तिची संमती धरता येत नाही, आई तिच्या वतीने देऊ शकत नाही, आणि चुलता तर तिच्या मालमत्तेचा कायदेशीर पालकही नाही; तसं व्हायचं असेल तर न्यायालयाकडून नेमणूक घ्यावी लागते. यतीमचा (पोरक्याचा) माल खाणारे पोटात आग भरतात (४:१०). यावर देवबंदी, बरेलवी, शाफई कुणाचंही दुमत नाही. म्हणजे ज्या जेवणाने सवाब पोहोचवायचा, त्यानेच जेवणारे चारशे आणि वाढणारे सगळे अडकतात. सज्ञान मुलाने स्वतःच्या पगारातून गरिबांना जेवू घातलं तर गोष्ट वेगळी.

अवांतर: जाफर इब्न अबी तालिब मुअताच्या लढाईत गेले तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा. म्हणजे सुन्नत आहे ती शेजाऱ्यांनी डबे पाठवायची. आपण ते नेमकं उलटं करून ठेवलंय.

गोदाकाठ_हनफी

वरच्या हिशेबाला दुजोरा. सुनेला हनफी फरक माहीत असावेत म्हणून लिहितो, कारण तिच्या माहेरी पुढे हेच प्रश्न येतील आणि कोकणातलं उत्तर तिथे लावून चालणार नाही.

हनफींकडे हज, जकात, फिदिया यांची वसियत केली असेल तरच ती वारसांवर बंधनकारक, तीही एक तृतीयांशात. वसियत नसेल तर सज्ञान वारसांनी आपापल्या हिश्श्यातून खुशीने द्यायचं. कबूल होण्याची उमेद ठेवायची. हज-ए-बदल मयताच्या गावाहून करवायचा, एक तृतीयांशात तेवढं बसत असेल तर. मयताच्या वतीने रोजा ठेवता येत नाही, फिदियाच द्यायचा.

नमाजचा फिदिया हा हनफी विषय. शाफईंच्या भरवशाच्या मतात तो नाहीच. तेव्हा या मयताच्या बाबतीत सुनेने त्यावर अडून बसू नये. हनफी हिशेब असा: एका रोज्याला किंवा एका नमाजेला अर्धा साअ (धान्याचं जुनं माप) गहू. पावणेदोन किलो धरला तर हिशेब सोपा जातो. बरेलवी फतव्यांत सुमारे २ किलो ४५ ग्रॅम येतो. दिवसाच्या नमाजा पाच नव्हे, सहा धरतात, कारण वित्र (रात्रीची जादा नमाज) वाजिब, म्हणजे आवश्यक, आहे. हे विसरून लोक सहावा भाग कमी देतात. ३५४ दिवसांच्या चांद्रवर्षाच्या २,१२४ नमाजा, म्हणजे ३,७१७ किलो गहू. किलोला ४० रुपये धरले तर १,४८,६८० रुपये, फक्त एका वर्षाचे. द्यायचं जकातीला पात्र असलेल्या माणसाच्या हाती. मशिदीच्या बांधकामाला किंवा इमामाच्या पगाराला फिदिया लागत नाही.

हा आकडा बघून काही ठिकाणी हीला-ए-इस्कात करतात. थोडी रक्कम एका गरिबाला द्यायची, त्याने ती परत ‘भेट’ द्यायची, पुन्हा त्याला द्यायची, असं फिरवत फिरवत वीस वर्षांच्या नमाजा उतरवायच्या. जुन्या हनफी किताबांत ही सोय निव्वळ कंगालांसाठी आली आहे, आणि अट अशी की गरिबाला ती रक्कम खरोखर मालकीने मिळावी, परत द्यायची की नाही ही त्याची मर्जी. घरात १२ लाखांचा तरका आणि हातात कुरआनसोबत फिरणारी पाचशेची नोट, याला हीला म्हणणं कठीण आहे.

कुरआनखानी. हनफी आणि हंबली मतात वाचनाचा सवाब पोहोचतो. शाफईंचं प्रसिद्ध मत नकाराचं, पण नंतरच्या शाफई उलेमांनी वाट काढली: वाचून झाल्यावर “या अल्लाह, याचा सवाब अमुकला पोहोचव” अशी दुआ करायची, कारण दुआ पोहोचते यावर सगळ्यांचं एकमत आहे. ही दुआ सोडू नका, दोन्हीकडे चालते.

पैसे देऊन वाचून घेण्याबद्दल मात्र दमिश्कचे हनफी फकीह इब्न आबिदीन यांनी कडक लिहिलं आहे. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे: जो पैशासाठी वाचतो त्यालाच सवाब मिळत नाही, मग तो पुढे पाठवणार काय? लिफाफा ‘हदिया’ म्हणून दिला तरी रक्कम आधी ठरलेली किंवा रिवाजाने अपेक्षित असेल तर ती मजुरीच. मदरशातली मुलं बसवून तासाभरात तीस सिपारे (कुरआनाचे भाग) ‘उरकण्या’पेक्षा घरच्यांनी रोज पाव सिपारा वाचलेला बरा.

तिसऱ्या दिवसाची जियारत, दसवा, बीसवा, चाळीसवा, बरसी: सवाब पोहोचवणं बरेलवी आणि देवबंदी दोघांनाही मान्य. वाद दिवस ठरवण्यावर आहे. देवबंदी म्हणतात, तो दिवस लाजिमी समजला की बिदअत (धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट). बरेलवी म्हणतात, दिवस सोयीसाठी आहे, फर्ज समजून नव्हे. गावात चाळीसवा न करणाऱ्या घराला नावं ठेवत असतील, तर तो दिवस सोयीचा उरलेला नाही एवढं कुणीही ओळखेल.

नजफ_ते_डोंगरी

वरचं सगळं सुन्नी फिकहचं आहे. शिया इस्नाअशरींत (बारा इमाम मानणाऱ्यांत) वडिलांच्या सुटलेल्या नमाज-रोज्यांची कझा थोरल्या मुलावर वाजिब होते. दफनाच्या रात्री नमाज-ए-वहशत असते, दोन रकात: पहिलीत हम्दनंतर आयतुल कुर्सी, दुसरीत दहा वेळा सूरा कद्र. मिश्र घरांत गोंधळ होतो म्हणून नोंदवलं.

पाणाड्या

बोअरबद्दल कुणी बोललं नाही. ‘माणूस मेला की अमल तुटतो, तीन सोडून’ या मुस्लिमच्या हदीसमध्ये पहिली आहे सदका-ए-जारिया (दुसरं उपयोगी पडणारं ज्ञान, तिसरी दुआ करणारी नेक औलाद). जारिया म्हणजे चालू राहणारा. बोअर बंद पडला की तोही थांबला. म्हणून दोन लाखांत नुसती खोदाई मोजू नका.

खाडीकाठी खोल बोअरला खारं पाणी लागण्याचा धोका मोठा. गोडं पाणी वरच्या थरात असतं आणि जास्त उपशाने खालचं खारं वर ओढलं जातं. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून किंवा जाणत्या भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घ्या. आसपासच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये किती खाली जातात, कुठल्या मचूळ होतात, ते गावाला विचारा. जांभ्याचा थर ढासळतो, तिथे केसिंग पाइपात काटकसर केली तर दोन पावसाळ्यांत बोअर गाळाने भरतो. बऱ्याच ठिकाणी तिथे जुनी विहीर उपसून, कठडा बांधून, पंप बसवणं जास्त टिकतं. वसियत पाण्याची होती, तेव्हा साक्षीदार आणि वारस मिळून विहिरीचा पर्याय घेता येईल का, हे मौलानांना विचारून घ्या. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या उद्भवाजवळ नवीन बोअरला निर्बंध आहेत, ग्रामपंचायतीत आधी विचारा.

ढोबळ वाटणी: दीड लाखात खोदाई, केसिंग, पंप, टाकी, पन्नास हजार बाजूला, वीजबिल आणि दुरुस्तीला. मीटर कुणाच्या नावावर, बिल कोण भरणार, पंप जळला तर कोण बघणार, हे जमातीच्या सभेत ठरावात लिहून घ्या. पहिल्या वर्षी सगळे उत्साही असतात, तिसऱ्या वर्षी बिलापायी जोडणी तुटते.

नळ मशिदीच्या आवारात नको, रस्त्याकडे तोंड करून ठेवा. वजूला पाणी मिळेलच, पण वाडीतल्या सगळ्यांना, जाणाऱ्या-येणाऱ्यांना, गुरांना मिळालं पाहिजे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, प्रत्येक ओल्या काळजात सवाब आहे, असं बुखारीत आहे. त्यात धर्म विचारलेला नाही. खाली गुरांसाठी छोटं डोणं बांधायला फार खर्च येत नाही.

जमीन किंवा विहीर वक्फ करायची असेल तर २०२५ च्या दुरुस्तीनंतर नवा वक्फ लेखी वक्फनाम्याशिवाय होत नाही. तोंडी ‘मशिदीला दिली’ म्हणून सोडू नका. नावाच्या पाटीबद्दल घरात वाद झाला तर पाटी लावू नका. सवाब पोहोचायला संगमरवर लागत नाही.

बाणकोट_खाडी

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. जामीनदार म्हणून मयताच्या एका हिंदू मित्राची सही आहे आणि तो म्हणतो मीच भरतो. त्याने भरलं तर मयत सुटतो का? आणि बकरी ईदला वडिलांच्या नावे कुर्बानी करायची का?

फराईझ_वही

भरलं तर सुटतो. कर्ज कुणीही फेडलं तरी फिटतं, फेडणाऱ्याचा धर्म बघत नाहीत. पण त्याने भरल्यावर ते बक्षीस की उसनं, हे आजच विचारा. उसनं असेल तर तेवढंच कर्ज मयताच्या डोक्यावर पतसंस्थेऐवजी मित्राचं राहिलं. तरक्यात पैसे आहेत, तेव्हा मित्राला मध्ये न घालता तरक्यातूनच भरा आणि बेबाकी दाखला घ्या.

कुर्बानी शाफई मतात मयताने वसियत केली नसेल तर त्याच्या नावे होत नाही. मुलाने स्वतःच्या नावे करावी, दुआत वडिलांना घ्यावं. हनफींकडे नफिल (ऐच्छिक) म्हणून जायज आहे.

भावाला सांगायचं कसं, हा खरा पेच दिसतो. मौलानांना घरी बोलावून वारसांच्या यादीसह वरचे आकडे त्यांच्यासमोर वाचा, आणि धाकटीचे १,५३,१२५ तिच्या नावे बँकेत ठेवल्याची पावती आधी हातात असू द्या. त्यानंतर भावाला स्वतःच्या खिशातून ४०० पानं घालायची असतील तर घालू द्या, त्याला कुणी अडवलेलं नाही.